गडग्यातलं भोक

मंडळी, शेवट आधीच सांगतो, म्हणजे मागच्या ओळीतल्यांना घरी जायला मोकळीक. तातू परब आणि भिवा धुरी भर पावसात आपापल्या खड्ड्यात बसले आणि एका भोकातून गप्पा मारू लागले. संपलं आख्यान.

तबलजी, थांबा. असं काही घडलेलं नाही. मी बोललो नाही, तुम्ही ऐकलं नाही. आता नीट बसा.

प्रश्न साधा – आपल्या अंगणात पाऊस पडला, ते पाणी कोणाचं? आपलं? बरं. ते उतारानं शेजाऱ्याकडे गेलं, मग कोणाचं? बघा, आता कोणाची मान हलत नाही.

तर तातूचं घर उताराला, भिवाचं वरच्या अंगाला. मध्ये गडगा – चिऱ्यांची गुडघाभर भिंत – आणि गडग्याच्या तळाशी वीतभर भोक. भिवाकडचं पाणी भोकातून तातूच्या चरात, चरातून माडांना, तिथून खालच्या व्हाळाला, म्हणजे ओढ्याला. पाण्याबरोबर धुरींच्या सुपाऱ्या यायच्या. तातूची बायको पारू त्या वेचून परडीतून परत नेऊन द्यायची. परडी रिकामी कधी आली नाही. कधी कोकमं, कधी गरे. एवढी चोख सेवा पोस्टाचीही नव्हती.

आणि दर मिरगाआधी भोक साफ व्हायचं. तातूनं इकडून चिव्याची, म्हणजे बारीक बांबूची, काठी घालायची, भिवानं तिकडून. मधोमध काठीला काठी लागली – टक् – की भोक मोकळं. तातूला त्या आवाजाची अशी सवय, की तो झाल्याशिवाय पावसाळा आला असं तो धरायचाच नाही. बाहेर पाऊस पडत असला तरी.

मग तातूनं अंगणाला लाल कोबा घातला. असा, की त्यात तोंड बघून दाढी करावी. पहिल्याच सरीला भोकातून भिवाच्या गोठ्याचा शेणकाला आला आणि कोब्यावर पसरला. तातूनं भोकात चिरा ठोकला, वर सिमेंट.

भिवा गडग्याशी आला. "तात्या, पाणी आता खंय जातला?"

"तुझा पाणी, तू बघ."

"बरा. आजपासून ह्या माणसाशी माझा बोलणा बंद."

"माझाय बंद."

भिवानं अंगणात हातभर भराव टाकला. पाणी गडग्यावरून तातूकडे. तातूनं गडगा वाढवला आणि दीड हात भराव टाकला. मग भिवानं. मग तातूनं. वर्षं गेली, अंगणं वर गेली. घरं तिथंच राहिली, कारण घराखाली भराव टाकता येत नाही – तातूनं गवंड्याला विचारून बघितलं होतं. चढून घरात जायचे, ते आता उतरून जाऊ लागले. फणस डोक्यावर होते, ते गुडघ्याला लागू लागले. कोंबडी खिडकीतून सरळ चालत आत यायची, आणि दार असताना आपण असं का करतो, असा चेहरा करून बसायची. आणि कोबा? तो गाडला गेला भरावाखाली, चर गेला, सगळं गेलं.

एका आषाढात तातूच्याच अंगणातलं पाणी उंबऱ्यावरून आत आलं. पारू विझल्या चुलीपाशी पदर खोचून उभी. म्हणाली, "पाणी तेंचा होता तवसर भायर जाय होता. आता आपला झाला, तर चुलीत इला."

तातूनं फावडं उचललं. व्हाळापासून जुना चर उकरत वर आला. घरातलं पाणी उतरलं. काम झालं होतं, मंडळी. त्यानं थांबायला हरकत नव्हती. पण चर उकरता उकरता तो गडग्याशी पोचला होता, आणि समोर त्यानंच ठोकलेला चिरा होता.

पलीकडे भिवा घमेल्यानं पाणी उपसत होता. त्याचं घर मातीचं. भिंतीचा एक पोपडा धपकन पाण्यात पडला. मग दुसरा. भिवाच्या पाण्याला दुसरी वाटच नव्हती.

तातूनं चिरा फोडून ओढला. आत चिखल घट्ट बसलेला. त्यानं काठी घातली; ती मध्यावर अडली. पुढचं काम पलीकडच्याचं. हाक मारावी, तर बोलणं बंद. तातू खड्ड्यात बसून राहिला, काठी धरून. पलीकडे घमेलं थांबलं. मग फावड्याचा आवाज. बराच वेळ.

टक्.

"कोण ता?" तातू म्हणाला.

पलीकडे जरा विचार झाला. "घूस."

तातूनंही विचार केला. माणसाशी बोलायचं नाही असं ठरलं होतं. घुशीचं काही ठरलं नव्हतं.

"घुशीच्या घरात पाणी गेला काय?"

"भिंत जाता माझी."

"मगे काठी डावीकडे घाल."

"कोणाच्या डावीकडे?"

"तुझ्या रे, गाढवा."

"घूस म्हटलंय मी."

आणि पाणी आलं. मळकं, शेणकाल्याचं, तातूच्या मांडीवरून. त्यात सुपाऱ्या. तातू पावसात बसून त्या टोपीत वेचत राहिला. भिंत अर्धी वाचली. दुसऱ्या दिवशी पारू परडी घेऊन गेली. परडी रिकामी आली नाही.

शपथ मात्र दोघांनी मोडली नाही. पुढं मरेपर्यंत बोलले ते भोकाशी बसून, घूस म्हणूनच.

आता दोघंही नाहीत. दोन्हीकडे फरशी, मध्ये डोक्यावर जाणारं कंपाउंड, तळाशी सलग. मिरगाआधी तिथून जाताना मी कान देतो. टक् होत नाही. त्यामुळं पावसाळा आला असं मीही धरत नाही.

मंडळी, घरी गेलात की आपल्या कंपाउंडच्या तळाशी हात फिरवून बघा. हात पलीकडे जातो का?

सबब, भूमी अभिलेख खात्यास या व्यासपीठावरून नम्र विनंती, की यापुढे दोन घरांमधली हद्दीची रेषा नकाशावर सलग न ओढता वीतभर तुटक ठेवावी, आणि सदर वीतभर जागा दोन्हींपैकी कोणत्याही खातेदाराच्या नावे न लावता, घुशीच्या नावे लावण्यात यावी.