अण्णांनी लावलेला कौल

आमच्या अण्णाकाकांनी माझ्यासाठी कौल लावला होता, ते सांगितलंय का तुम्हाला? मी प्राणिशास्त्रात बी.एस्सी. झाले आणि एम.एस्सी.साठी मुंबईला निघाले. अण्णा म्हणाले, "मासो कापूक मुंबयक कित्याक गो? हयल्याच शाळेत शिकव. नायतर देवाक इचारुया."

देवळात गुरवाने मूर्तीला दोन्ही बाजूंनी ओल्या पाकळ्या लावल्या. उजवी आधी पडली, तर जायचं. उजवीच पडली.

"नीट लावूक नाय तू. परत लाव!" अण्णा गुरवावर ओरडले.

पुन्हा उजवीच. अण्णा तिसऱ्यांदा लावायला सांगू लागले, तशी मी उसळले, "एकदा नापास झालंय तर शिक्षण बंद, असा माका सांगितलात. मगे देवाक कितीदा परीक्षेक बसवतलात?"

धक्क्यावर बोटीत माझी ट्रंक चढवताना अण्णा पुटपुटले, "पास झालंय की कळव. देवाक परत इचारुक माका तोंड नाय."

परीक्षा आली की अजून तो धक्का आठवतो.