भस्म्याला सगळं समजतं

— नाही नाही, बोट नको घालूस आत, अजून ओळख नाही तुमची. चावत नाही तसा, पण माणूस जोखून बघतो आधी. बस ना. ती खुर्ची नको, तिचा पाय हलतो, ही घे. चैताली ना तू? देवळाली कॅम्पहून ह्या उन्हात आलीस म्हणजे कमाल केलीस, आमची गल्ली कोणाला पटकन सापडत नाही. कागद सगळे आहेत हं, काळजी करू नकोस — हा आपल्याकडचा हिरवा नाही, तो पाळायला बंदी आहे, हा आफ्रिकेचा, राखाडी, सरकारदरबारी नोंद आहे ह्याची. भस्म्या नाव. आमच्या ह्यांनी ठेवलं, अंगाला भस्म फासल्यासारखा दिसतो म्हणून. मी आर्यभट ठेवणार होते. पण तो भस्म्यालाच ओ द्यायला लागला, मग काय करणार?

बोलतो म्हणजे काय, बोलतोच! पण 'मिठू मिठू' नव्हे. समजून बोलतो. हसू नकोस. अगं, चौतीस वर्षं विज्ञान शिकवलं मी, आणि वर्गात माझं एकच पालुपद — पोपटपंची करू नका, समजलं असेल तर तुमच्या शब्दांत सांगा. मुलं मला मागे पोपटबाई म्हणायची. मला ठाऊक होतं, मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. निवृत्त झाले आणि मुलीनं, मृण्मयीनं, हा आणून दिला — घे आई, आता खऱ्या पोपटाला समजून बोलायला शिकव. चेष्टाच ती. पण मी घेतली मनावर. माझा स्वभावच तसा, एखादी गोष्ट धरली की सोडत नाही, त्यापायी किती माणसं दुखावली असतील देव जाणे. तर शिकवायची एक रीत असते. पोपटासमोर तेच तेच बडबडायचं नाही. दोन माणसं लागतात — एकानं विचारायचं, दुसऱ्यानं उत्तर द्यायचं, आणि पोपटानं नुसतं बघायचं. मी चावी धरायची — हे काय? हे म्हणायचे, चावी. बरोबर आलं की चावी ह्यांच्या हातात, चुकलं की मी तोंड फिरवायची. पोपटाला हेवा वाटतो, ह्या माणसाला मिळतंय आणि मला का नाही? मग तो तोंड उघडतो. आमच्याकडे विचारणारी नेहमी मी, उत्तर देणारे नेहमी हे. म्हणून आवाज ऐकशील ना ह्याचा, तो ह्यांचा आहे. घशातली खरखरसुद्धा.

हे म्हणजे ढुंढिराज गुरुजी. रामकुंडावर विधी सांगायचे, पंचवटीत कोणालाही विचार. पंजोबांपासूनचं काम. ते हसायचे मला. म्हणायचे, उत्तरा, मी चाळीस वर्षं लोकांना सांगतोय, म्हणा माझ्या मागून, आणि लोक म्हणतायत. एकाला तरी अर्थ विचारून बघ. पितरांना पोचायचं ते पोचतंच की! तुझ्या पाखरालाच कशाला हवाय अर्थ? मी म्हणायची, तुमच्या घाटावरचं अज्ञान घाटावरच ठेवा, माझ्या घरात नको. असं लागट बोलायची मी. ते चिडायचे नाहीत, मुद्दाम चुकीचं उत्तर द्यायचे. चमचा दाखवला की म्हणायचे, जावई. आणि हा मेला दोन दिवस चमच्याला जावई म्हणत होता! पण शिकला गं. बदाम मागितल्यावर शेंगदाणा दिलास तर भिरकावून देतो, वर म्हणतो, नको, बदाम. लाकूड कुठलं, तांबं कुठलं, लांबून बघून सांगतो. पुढे मी त्याला हो-नाही शिकवायला घेतलं. ते सगळ्यात अवघड असतं — चावी दिसते, बदाम दिसतो, पण 'झालं' आणि 'नाही झालं' हे कसं दाखवणार? मग मी ह्यांची गोळी घेतली. म्हणजे धड्याला घेतली. रक्तदाबाची गोळी होती सकाळची. रात्री मी कात्रीनं पट्टीतली एक गोळी तिच्या चांदीच्या कागदासकट कापून वाटीत ठेवायची, पिंजऱ्याशेजारी. चांदी फुटलेली असली तर 'घेतली', नसली तर 'नाही'. तीन महिन्यांत विसातली अठरा उत्तरं बरोबर यायला लागली. पहाटे ह्यांची घाटावर जायची गडबड, मी स्वयंपाकघरात चहा टाकत असायची, तिथूनच विचारायची — गोळी घेतली का? — आणि आवाज यायचा, घेतली. ह्यांचा की ह्याचा, मी बघायला जात नव्हते. कशाला जाऊ? दोघंही समजूनच बोलत होते ना.

पाणी घे. सरबत करू का? बरं, राहू दे. — हे कुठे आहेत म्हणतेस? आतल्या खोलीत असतात. आता आवाज नाही येणार, झोपलेत. तुला मृण्मयीनं सांगितलं नाही वाटतं? तिनं नुसता फोटो पाठवला असेल, पोपट द्यायचाय म्हणून. गेल्या पितृपक्षात झालं ते. घाटावर पाय ठेवायला जागा नव्हती, आणि ह्यांच्यासमोर घोटीचे तिघं भाऊ बसलेले, आईचं श्राद्ध होतं त्यांच्या. भातशेती करणारी माणसं, साधी. हे सांगतायत, ते मागून म्हणतायत. आणि मधेच ह्यांची जीभ वळेना. शब्द लडबडायला लागले. तर त्या तिघांनी काय केलं असेल? लडबडलेलं तसंच्या तसं म्हटलं. अगदी मन लावून, डोळे मिटून! पाच मिनिटं, दहा मिनिटं — त्यांना तरी कुठे ठाऊक. गुरुजी 'ब ब ब' करतायत, ते तिघंही 'ब ब ब' करतायत, आणि आजूबाजूला शंभर जण आपापलं म्हणतायत, कोणाचं कोणाकडे लक्ष नाही. हे कलंडले तेव्हा कळलं. थोरला भाऊ, दिनेश, नंतर घरी आला होता, माझ्या पायाशी बसून रडला. काकू, आमाला काय समजनार ओ, आमाला वाटलं मंत्रच हाय, आमी आपलं म्हनत राह्यलो. मी त्याला चहा दिला.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, गोळी रोज घ्यायचे का? मी ताठ मानेनं सांगितलं, रोज. एक दिवस चुकला नाही. त्यांनी तसं लिहून घेतलं. — हे सगळं तुला सांगायचं नव्हतं खरं मला, तू पोपट न्यायला आलीस. पण आता निघालंच आहे तोंडातून तर ऐक. महिन्यानं मी देवघर आवरायला घेतलं. निर्माल्याची पिशवी असते ना, वाळकी फुलं टाकायची, ती नेहमी हेच नेऊन घाटावरच्या निर्माल्यकलशात टाकायचे, मी कधी हात लावला नव्हता. ती उपडी केली. झेंडू, तुळस, बेल — आणि गोळ्या. फुगलेल्या, काहींचं पीठ झालेलं. एकोणीस होत्या. म्हणजे त्या एका पिशवीत. आधीच्या किती पिशव्या गेल्या असतील? नंतर घाटावरच्या दुसऱ्या गुरुजींकडून कळलं, त्या गोळीनं सारखं लघवीला लागायचं. सोवळ्यात बसलेला माणूस, समोर यजमान, मधे उठलं की पुन्हा आंघोळ, पुन्हा सोवळं, रांग खोळंबलेली. म्हणून फोडायचे आणि टाकून द्यायचे. मला सांगितलं असतं तर डॉक्टरांकडून दुसरी लिहून आणली असती, अर्ध्या तासाचं काम! का नाही सांगितलं? सांग ना. कारण मी विचारलंच कुठे त्यांना? मी पोपटाला विचारत होते.

आणि हा खोटं बोलला नाही हं, एक दिवससुद्धा नाही. चांदी फुटलेली होती, तो म्हणाला घेतली. त्याला मी शिकवलं तेच त्याला समजलं, पुरेपूर समजलं. गोळी पोटात जावी लागते, हे मी शिकवलंच नव्हतं. मग कोणाला बोल लावू? ह्याला लावला होता आधी. चार दिवस खायला घातलं नाही नीट. लाज वाटते सांगायला, पण केलं मी तसं.

आता ह्यांचा उजवा हात नाही चालत, पाय थोडा चालतो. वाचा गेली. म्हणजे गेली असंही नाही — हीच तर गंमत आहे, गंमत म्हणजे तू हसू नकोस, मला दुसरा शब्द सुचत नाही. पाणी म्हणता येत नाही. माझं नाव येत नाही. पण अख्खा संकल्प येतो, विष्णुर्विष्णुर्विष्णुः पासून गोदावर्याः तीरे पर्यंत, खणखणीत, एक काना-मात्रा चुकत नाही. डॉक्टर म्हणाले, घोकलेलं असतं ते मेंदूत वेगळ्या ठिकाणी असतं, ते राहतं, समजून बोलायचं तेवढं जातं. माझ्याच वाट्याला यावं ना हे! भूक लागली की संकल्प, दुखलं की संकल्प. आणि एक ओळ म्हणून थांबतात, बघत राहतात, समोरच्यानं मागून म्हणावं म्हणून. नाही म्हटलं तर पुन्हा पहिल्यापासून. मग म्हणते मी. तेहतीस वर्षांच्या संसारात ज्या गोष्टीची टिंगल केली, ती आता दिवसातून दहा वेळा करते. अर्थ काय विचारशील तर मलाही येत नाही.

मग मला वाटलं, रीत तर माहितीये आपल्याला. ह्यांना खुर्चीत बसवलं, पिंजरा समोर. आता विचारणारी मी, उत्तर देणारा भस्म्या, आणि बघणारे हे. पाणी धरायची — हे काय? तो म्हणायचा, पाणी. की वाटी त्याला. म्हटलं, ह्यांना हेवा वाटेल, माझ्या घरात हे पाखरू मिळवतंय आणि मला नाही. आठ महिने, सकाळ-संध्याकाळ. हेवा कसला वाटतोय! पहिल्या पहिल्यांदा ओठ हलवायचे बिचारे. पण ह्यांचे ओठ जुळेपर्यंत हा उत्तर देऊन मोकळा, आणि तेही कोणाच्या आवाजात? ह्यांच्याच! माणसानं तोंड उघडावं आणि आपलाच धडधाकट आवाज समोरच्या पिंजऱ्यातून यावा. हळूहळू ओठ हलायचे थांबले. आता मी काही विचारलं की हे माझ्याकडे बघतच नाहीत, पिंजऱ्याकडे बघतात. तो सांगेल म्हणून. वाचा सुधारायला येतात त्या सविताताई परवा स्पष्टच म्हणाल्या, उत्तराकाकू, पोपट हलवा आधी, तुम्ही ह्यांच्याऐवजी त्याच्याशी बोलताय. मी भांडले त्यांच्याशी. मग रात्रभर जागी राहून विचार केला, बाईचं खरं आहे. भस्म्या ह्यांच्या आवाजात 'उत्तरा' म्हणतो, ते ऐकायला मिळतं म्हणून मी पिंजऱ्याशी बसायची. ह्यांच्याशी नाहीच.

हलवून उपयोग होईल असं त्याही म्हणत नाहीत गं. आठ महिने उलटले, आता फार आशा धरू नका म्हणतात. मीही धरत नाही. पण उत्तराची जागा रिकामी तरी राहील. ह्यांना काल विचारलं, देऊन टाकू का भस्म्याला? तर संकल्प म्हणाले. मी हो समजले. दुसरं काय समजू?

तर बदाम रोज दोनच द्यायचे. मिरची आवडते, लाल. दुपारी ऊन लागू देऊ नकोस. आणि रेकॉर्डिंग नको पाठवूस मला. हो, आत्ता तुझ्या तोंडावर आलं होतं, कळलं मला, चांगल्या मनाची आहेस, पण नको. पाठवलंस तर मी ऐकत बसेन. हे कापड घे, पिंजऱ्यावर टाक, असं, खालपर्यंत. जिन्यात कापड काढायचं नाही, आणि बोलायला लागलाच तर थांबायचं नाही, सरळ खाली उतरायचं — अगं, थांब. उठले वाटतं. ऐकू येतंय ना? खणखणीत आहे की नाही आवाज? हा नव्हे, ह्याच्यावर तर कापड आहे. आतून येतोय. — हात काय जोडतेस! हात नको जोडूस चैताली, अगं पूजा नाही ती, पाणी हवं असेल त्यांना. नाहीतर पंखा लावायचा असेल. नाहीतर अंथरूण ओलं झालं असेल. मला जाऊन एकेक विचारायला लागेल, आणि मी विचारलं की आता घरात कोणी उत्तर देणार नाही. जा तू. दार ओढून घे.