ग्रीसमधला श्रावण

अगं बायांनो, ग्रीसला काय काय पाहिलं ते राहू द्या. आधी त्या म्हातारीचं ऐका.

आमच्या ह्यांना कुवेतमधल्या शुवैखच्या वर्कशॉपमधून सुट्टी मिळाली ती ऐन श्रावणात. विमानातच हे म्हणाले, "तिथे मी मटण खाणार. कोण बघतंय?"

"मी बघतेय ना!" मी म्हटलं.

आम्ही उतरलो त्या घरच्या म्हातारीने दुसऱ्याच दिवशी जेवायला बोलावलं. इतक्या प्रेमाने वाढणाऱ्या बाईला नाही कसं म्हणायचं? आणि श्रावण तर मी मोडणार नव्हते. ह्यांना म्हटलं, "अहो, तिच्या सुनेला इंग्रजीत सांगा, मला मांसमच्छी चालत नाही."

"तूच सांग," म्हणाले आणि जेवायला बसलेसुद्धा.

मग मीच डोक्यावर शिंगं केली, हाताने मासा पोहवला आणि दोन्ही कान पकडले. म्हातारीने मला दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं आणि एकेक झाकण उघडलं. टोमॅटोतली भेंडी, पांढरा घेवडा, द्राक्षाच्या पानात गुंडाळलेला भात. सुनेने ह्यांना सांगितलं, मेरीमातेच्या सणापर्यंत त्यांच्याकडेही मांसमच्छी बंद, सासूबाई फार कडक पाळतात.

मला भरूनच आलं. परक्या मुलखात सख्खी बहीण भेटली. मी सरळ तिच्या पाया पडले.

हे पुटपुटले, "कुवेतहून एवढ्या लांब आलो, तर इथेही श्रावणच!"

म्हातारीने खुणेने विचारलं, काय म्हणतात?

मी खुणेनेच सांगितलं, आवडलंय त्यांना, अजून वाढ.