अपेक्षित मासिक उत्पन्न

(शहाद्यातली एक बँक. बाकावर वडील आणि मुलगी. मुलीच्या मांडीवर शैक्षणिक कर्जाचा अर्ज.)

हेमकांत : साठ हजार कसाले खोडी ऱ्हायनी तू? मी इतलं चांगलं अक्षर काढीसन लिखेल व्हतं!

मयूरी : अक्षर छान आहे, पप्पा. आकडा खोटा आहे.

हेमकांत : हळू बोल. बँक शे ही.

मयूरी : रकाना वाचा. ‘अभ्यासक्रमानंतरचे अपेक्षित मासिक उत्पन्न.’ साठ कुठून आणलेत?

हेमकांत : फौजदारले भेटतस. मी सोता ठाणामा इचारी उनू.

मयूरी : मी फौजदार होणार नाहीये! चौथ्यांदा सांगतेय. गुन्हेशास्त्रात एम.एस्सी. केली म्हणून कुणी वर्दी देत नाही. त्याची परीक्षा वेगळी. ती मी आत्ताच्या बी.एस्सी.वरही देऊ शकते.

हेमकांत : मंग गावले मी काय सांगू? पेढा वाटी टाकात ना मी!

मयूरी : किती?

हेमकांत : पाच किलो.

मयूरी : अरे देवा. ऐका. कॉलेजच्या माहितीपत्रकात जुन्या विद्यार्थ्यांची नावं होती. अकरा जणांना फोन केले, सात जण बोलले. दोघं कंपन्यांत नव्या नोकरदारांची कागदपत्रं तपासतात. एक मुलगी विम्याचे खोटे दावे पकडते. एक जण त्याच कॉलेजात शिकवतो. दोघं अजून स्पर्धा परीक्षा देताहेत. आणि एकाने मेडिकल टाकलंय.

हेमकांत : मेडिकलवाला बरा कमावत व्हई.

मयूरी : पप्पा! नोकरीवाल्यांचा सुरुवातीचा पगार अठरा ते बावीस हजार. मी वीस धरला. कर्ज साडेपाच लाख, शिकत असतानाचं व्याज धरून पावणेसातच्या वर. हप्ता साडेअकरा हजार, सात वर्षं. नोकरी सुरतेत धरली, तर तिथे खोली आणि मेस नऊ हजार. उरले किती?

हेमकांत : तूच सांग, मास्तरीन.

मयूरी : उणे पाचशे.

हेमकांत : पाचशे मी देसू! इतलं रामायण पाचशे रुपयासाठे?

मयूरी : रामायण नाही, वजाबाकी. चप्पल तुटली, ताप आला, घरी यावंसं वाटलं, यातलं मी काहीच धरलेलं नाही.

हेमकांत : पगार वाढस ना दरसाल?

मयूरी : वाढतो. मेसही वाढते.

हेमकांत : मंग ऱ्हाऊ दे सगळं! तुन्ही बहीन नूतननी करं तसं बी.एड. करी टाक.

मयूरी : नको.

हेमकांत : आते कोठे गई तुन्ही वजाबाकी?

मयूरी : मला जायचंय, पप्पा. जायचं नाही असं मी म्हटलंच नाही. मला साठ लिहायचं नाहीये. गुन्हे शिकायला निघायचं, आणि पहिलाच कागद खोटा?

हेमकांत : आनि वीस दखीसन मॅनेजर नई म्हना तं?

मयूरी : तर इथेच केमिस्ट्रीला नाव घालेन.

हेमकांत : नि रडशी.

मयूरी : तीन-चार दिवस.

हेमकांत : तुन्हाशी बोलनं म्हंजे... आपली केळी कोनीतरी कापी टाकी व्हती, याद शे ना? सातशे खोड.

मयूरी : सातशे बारा.

हेमकांत : हां, बारा! पोलिसस्नी ‘अज्ञात’ लिखं नि चालना गयात. मी गिरधरभाऊवर संशय धरा. बांध एक, पानीना वाद जुना. नि तू पट्टी लिसन तीन दिन खोडं मोजी ऱ्हायनी व्हती. माले वाटे, पोरनं डोकं फिरनं.

मयूरी : सगळे तिरपे काप एकाच बाजूला उतरलेले होते. कापणारा डावखुरा असावा. गिरधरकाका विळा उजव्या हातात धरतात. पण त्यानं काही सिद्ध झालं नाही, पप्पा. त्यांची शक्यता कमी झाली, एवढंच. कापणारा आजपर्यंत सापडलेला नाही.

हेमकांत : माले तितलंच पुरनं. चौदा महिना मी त्यान्हासंगे बोलनू नई, बेटा. त्यान्ही पोरना लगनले गऊ नई. तू सांगे, मी आयकू नई; शेवटे तू ते खोडना फोटो दखाडात, नि दुसरा दिन मी त्यान्हा वट्टावर जाई बठनू. त्यान्ही काहीच इचारं नई. चहा मागाडा.

मयूरी : हे मला माहीत नव्हतं.

हेमकांत : कसाले सांगू? लाज वाटे. ...तू हाई जे करं, त्यान्हा रकाना ह्या कागदमा कोठे शे?

मयूरी : नाहीये.

हेमकांत : तं वीस लिख.

मयूरी : मॅनेजर खरंच नाही म्हणू शकतो.

हेमकांत : म्हनू दे. लिख.

मयूरी : लिहिलं. पण खोडलेल्या आकड्याशेजारी सही लागते. ज्याने तो लिहिला, त्याची.

हेमकांत : कोठे?

मयूरी : इथे, कडेला.

हेमकांत : पुरी सही करू, का नुस्तं नाव चाली?

मयूरी : पूर्ण करा, पप्पा. घाई नाही, आपल्या आधी अजून चार जण आहेत.