डार्सीला मधे खेळायचंय

व्हर्न: उतर म्हटलं ना. बाकीच्या पोरी मैदानात पोचल्यासुद्धा, आणि तू अजून पट्टा सोडला नाहीस. बॅग मागून काढ, पण जपून, रंगाचा डबा आहे तिथं. उद्या गॅरेजचं दार रंगवायचंय. शेजारच्या ऑर्सनच्या नातवंडांनी चिखलाचा बॉल मारमारून पार वाट लावलीय त्याची.

डार्सी: बाबा, आधी सांग, तू चिडणार नाहीस.

व्हर्न: चिडायला काय झालं? बूट विसरलीस?

डार्सी: बूट आहेत. मी काल कोचना सांगितलं, मला आज पुढं खेळवू नका. मधे खेळवा.

व्हर्न: आज?

डार्सी: हो.

व्हर्न: डार्सी, ती निळ्या टोपीतली बाई दिसतेय का? कॉफी पितेय ती. कोलंबसहून आलीय, राज्याच्या संघासाठी पोरी निवडायला. वर्षभर आपण या एका सकाळची वाट बघतोय, आणि आजच तुला हात दाखवून अवलक्षण करून घ्यायचंय? मधे खेळायला ती पलोमा आहे ना, टिचभर पोरगी. तुझं काम साधं आहे. मागून कुणीतरी बॉल लांब मारायचा, तू पळायचं, गोल. इतकुशी होतीस तेव्हापासून असंच जिंकत आलोय. घरात कप ठेवायला जागा उरली नाही.

डार्सी: आता कुठं जिंकतोय? शाळा सुरू झाल्यापासून मी एक तरी गोल केलाय का?

व्हर्न: पाय दुखत होता तुझा.

डार्सी: पाय नव्हता दुखत. ते तू सगळ्यांना सांगत फिरत होतास. मागच्या शनिवारी त्या लाल शर्टवालीनं मला मागून येऊन गाठलं. मला. बॉल काढून घेतला आणि वर सॉरी म्हणाली. आधी मी एकटीच मोठी होते बाबा, म्हणून पहिली यायचे. आता सगळ्याच मोठ्या झाल्यात.

व्हर्न: मग अजून पळू. पुन्हा टेकडीवर जायला लागू सकाळी.

डार्सी: उन्हाळाभर गेलो की. बॉलपर्यंत मी पोचते रे. पोचल्यावर त्याचं काय करायचं ते येत नाही. मला पळण्याशिवाय काहीच येत नाही. आणि उद्या तेही गेलं तर? मला भीती वाटते.

व्हर्न: हे कोचनी भरवलं तुझ्या डोक्यात.

कोच इनेझ: कोचनी काही भरवलं नाही. काच पूर्ण खाली करा, व्हर्न. हे घ्या.

व्हर्न: हे काय?

कोच इनेझ: लॉलीपॉप. आज मौनाचा शनिवार आहे, क्लबनं सगळ्यांना कळवलं होतं. आईबापांनी हे तोंडात ठेवायचं आणि मॅच संपेपर्यंत ओरडायचं नाही. टाळ्या वाजवल्या तर चालतील.

व्हर्न: मी छपरं घालणारा माणूस आहे, कोच. माझ्या हाताखाली सहा माणसं आहेत.

कोच इनेझ: म्हणून तुमच्यासाठी दोन आणलीत. डार्सी, जा तू. पलोमाबरोबर पास द्यायला लाग.

व्हर्न: गेली ती. आता खरं सांगा, माझ्या पोरीचं नुकसान का करताय? त्या बाईला पळणाऱ्या पोरी हव्या असतात. ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहितेय.

कोच इनेझ: माहितेय. म्हणून काल मी डार्सीला तीनतीनदा विचारलं, नक्की ना? ती हो म्हणाली आणि रडली. मग पुन्हा हो म्हणाली.

व्हर्न: रडली?

कोच इनेझ: पलोमा लहानखुरी म्हणून आपण तिला बाकावर बसवून ठेवलं. पळून तिला कुणाला हरवता येणार नव्हतं, म्हणून ती घरी बॉल घेऊन बसायची. आता तिच्या पायातला बॉल काढून दाखवा कुणी. डार्सीला तशी गरजच पडू दिली नाही आपण. दर शनिवारी जिंकायचं होतं ना.

व्हर्न: तेरा वर्षांची पोर आहे ती. शिकेल हळूहळू. फक्त आज नको. पुढच्या शनिवारी करा काय करायचं ते.

कोच इनेझ: पुढच्या शनिवारीही कुणीतरी टोपी घालून येणारच आहे. चला, शिट्टी झाली. लॉलीपॉप, व्हर्न.

(मॅच संपल्यावर, त्याच गाडीत.)

व्हर्न: संत्र्याच्या फोडी मिळाल्या का?

डार्सी: मिळाल्या. ती बाई कुठंय?

व्हर्न: गेली. पलोमाच्या आईशी बोलली बराच वेळ.

डार्सी: माझं काही?

व्हर्न: नाही.

डार्सी: वाटलंच. बॉल कितीदा घालवला मी. एकदा तर सरळ त्यांच्याच पोरीला दिला.

व्हर्न: दोनदा.

डार्सी: तू ओरडला नाहीस पण.

व्हर्न: दुसरं लॉलीपॉप काडीसकट चावलं. दाढेत भरलेलं सिमेंट निघालं. हसू नको. इतकी वर्षं उंटावरून शेळ्या हाकल्यात, एका दिवसात सवय जाते होय?

डार्सी: बाबा, एक सांगू? तुझी हाक आली की माझे पाय आधी निघतात. मग मी बघते, बॉल कुठं आहे. आज हाकच नव्हती, तर मला काही सुचेना. अर्धी मॅच मी नुसती उभी होते. रडायलाच येत होतं. मग हळूहळू दिसायला लागलं, कोण कुठं उभी आहे ते.

व्हर्न: मग ते शेवटचं काय होतं? बॉल तुझ्याकडं आला, ती उंच पोरगी तुझ्या पाठीला चिकटलेली. म्हटलं, गेला. तू डावीकडं झुकलीस, तीपण झुकली, आणि तू बॉल घेऊन उजवीकडून निघून गेलीस. पळालीसुद्धा नाहीस. ती आपली तिथंच उभी, बस चुकल्यासारखी. मी पलोमाच्या बापाचा हात दाबला, ओळखपाळख नसताना. कोचनी शिकवलं ते?

डार्सी: नाही.

व्हर्न: मग कुठं शिकलीस?

डार्सी: घरीच. तू कामावर गेलास की. बॉल जोरात मारायचा, तो परत आला की पायात घ्यायचा आणि वळायचं. खूपदा चुकतं. कधीकधी जमतं.

व्हर्न: मारायचा कशावर?

डार्सी: गॅरेजच्या दारावर.

व्हर्न: आणि मी त्या डागांपायी ऑर्सनच्या नातवंडांना रस्त्यात उभं करून झापलं.

डार्सी: माहितेय. मी खिडकीत होते. सांगणार होते मी. पण तू म्हणाला असतास, त्यापेक्षा टेकडीवर पळ.

व्हर्न: म्हणालो असतो.

डार्सी: बाबा, आपलं वळण मागं राहिलं. कुठं चाललोय?

व्हर्न: रंगाच्या दुकानात. डबा अजून उघडला नाहीये, परत घेतील ते.