वखारीचा गाऱ्हाणा

माझा जन्म आचऱ्याचा, पण वाढलो मालवणच्या दर्यावर. तुम्ही शहरातले, म्हणून तुमच्या भाषेत सांगतो, मालवणी मध्येच उडी मारेल, तिला अडवू नका. आमची झोपडी दर पावसाळ्यात दर्या घेऊन जायचा. खोटं नाही, एकदा छप्पर वेंगुर्ल्याला सापडलं, वर आमची कोंबडी बसलेली, खाली उबवलेली पिल्लं!

बंदरावर एका शेटची मिठाची वखार होती. गलबतांचा धंदा बसला, शेट गेला, वखार ओस पडली. काय सांगू तुमका, एवढी मोठी, की सकाळी हाक मारावी आणि जेवायला बसल्यावर ती परत ऐकू यावी. दुपारी कौलांच्या भोकांतून ऊन उतरायचं, भिंतींना धरलेलं मीठ लुकलुकायचं, जणू पाण्याखाली उभे आहोत. आणि माझी बायको रुक्मिण, पोटुशी होती तेव्हा, त्या उजेडात फिरत म्हणायची, हय चूल, थय पाळणो, आणि मलाही दिसायचा तो पाळणा, हलतासुद्धा.

मग कळलं की सरकार अनुदान देणार, वखारीत भिंती घालून खोल्या काढणार आणि आम्हा किनाऱ्यावरच्या बारा बिऱ्हाडांना थोड्या भाड्यात देणार. रत्नागिरीहून साहेब आला, सगळ्यांना वखारीत उभं केलं, पेन काढलं आणि म्हणाला, सही करण्यापूर्वी विचारतो, कुणाचं काही गाऱ्हाणं आहे का?

आता आमच्याकडे गाऱ्हाणा म्हणजे देवाला घातलेली हाक, त्याशिवाय आम्ही होडीसुद्धा लोटत नाही. मला वाटलं, केवढा देवमाणूस! मी ओरडलो, आसा, आसा, मोठा गाऱ्हाणा आसा सायबानू!

साहेबाने पेनाला टोपण लावलं. म्हणाला, तक्रार असलेली जागा मंजूर होत नाही. फाइल मिटली. रुक्मिण म्हणाली, ओ, तुमच्या जिभेक हाड आसा काय? घर घालवलात.

पण तोंडाशी आलेला गाऱ्हाणा गिळता येत नाही हो! मी हात जोडले. बा देवा म्हाराजा! मागून सगळे गरजले, व्हय म्हाराजा! ह्या वखारीचो जो कोण राखणदार आसात, बारा बिऱ्हाडा तुझ्या दारात उभी आसत म्हाराजा! व्हय म्हाराजा! सायबाच्या पेनाक बळ दी, चूक माझ्या जिभेची, ती तेच्या माथ्यार घालू नको म्हाराजा! कौलं थरथरली, भिंतीवरचं मीठ झिरमिर झिरमिर साहेबाच्या टोपीवर पडू लागलं, तो झोपेत असल्यासारखा उभा, आणि तिसऱ्या वेळी त्याच्याच तोंडून निघालं, व्हय म्हाराजा. त्याची आजी म्हणे कुडाळची. टोपण निघालं, सही झाली.

पोर वखारीतल्या आमच्या खोलीतच जन्मली. आता शाळेत जाते. दर्या येतो, उंबऱ्याबाहेर गुरगुरतो, निघून जातो, ती मानसुद्धा वर करत नाही. दर वर्षी आमचं घर वाहून जायचं असं सांगितलं, की हसत म्हणते, बाबा, काय पण थापा मारतंस! मी मनातल्या मनात गाऱ्हाणा घालतो, हीच एक थाप तिला जन्मभर थापच वाटो.