गाठ कोनाची?

(नेरजवळचं वावर. तूर काढून मोकळं झालेलं. सकाळची वेळ. भगवानराव बाजेवर, शेजारी त्यांच्या पत्नी इंदूबाई. टेम्पोवाला जफर मेकॅनिक धुऱ्यापलीकडून हातात छत्रीनं खाली उतरणारं खेळण्यातलं रॉकेट घेऊन येतो आहे.)

इंदूबाई : घेऊन येऊन राह्यले जफरभाऊ. सापडलं म्हनजे. तुमी उठू नका, बसा.

भगवानराव : मोडलं का रे?

जफर : नाई भाऊ. नरम मातीत पडलं. नाकाडं जरासं खरचटलं, पंख साबूत हायत. पन छत्री गेली. ये देख.

भगवानराव : गेली म्हनजे?

जफर : जळून गोळा झाली. वरती गेल्यावर नाकाडं बराबर निघालं, छत्री बी बाहेर आली. पन उघडाले काही उरलंच नाई. म्हनून धोंड्यावानी खाली आलं. आत काय भरलं होतं तू?

भगवानराव : कापूस.

जफर : कापूस?

भगवानराव : आता कापूस म्हनजे कापूस! सलोनी फोनवर सांगे, आबा, इंजिनाच्या अन् छत्रीच्या मधात पुडीतलं ते कापसासारखं भरा. मी पुडी फोडली तं आत निरा चुरगळलेला कागद. मी म्हनलं, घरात खुद्द कापूस असतांनी कापसासारखं कायले?

इंदूबाई : अन् तो बी पह्यल्या वेच्याचा! मी देवाच्या वाती वळाले ठेवला होता. यायनं रॉकेटलेच वात लावली.

जफर : वहिनी, एकदम बराबर बोल्ल्या! भाऊ, छत्रीले बाहेर ढकलाले ते इंजिन वरच्या बाजूले आगीचा फुर्रका मारते. तो कागद न जळनारा होता.

भगवानराव : हास, हास लेका. जलमभर कापूस पिकवला, गंजीपासी कोनाले बिडी पेटवू देली नाई. अन् आज माया डोक्यातच नाई आलं.

इंदूबाई : नातीले सांगू नका. नागपूरच्या कॉलेजात साऱ्यायले सांगत फिरन, माया आबानं आभायात दिवा लावला म्हनून.

भगवानराव : पन गेलं कसं वर! पाह्यलं ना तू? त्या निंबाच्या किती वर!

जफर : मी कुठचा पाहतो! मी रॉकेट उभं केल्या सळईपासी वाकून राह्यलो होतो. तू म्हनलं तीन, दोन. मी म्हनलं, आता एक म्हनीन तं मांगं पळतो. तं तू म्हनलं "लाभ", अन् बटन दाबलं! दाढी वाचली, अल्लाची मेहेरबानी.

भगवानराव : एकले लाभच म्हनते. धान मोजतांनी कोनी एक म्हनते का?

जफर : हे काय धान हाय?

भगवानराव : बरं, आन ते इकडं. दोरे तरी वाचले का?

जफर : छोड ना यार. फेकून देऊ ते.

भगवानराव : आन म्हनलं ना.

जफर : घे बाप्पा.

भगवानराव : ...जफर, हे गाठ कोनाची?

जफर : कोनाची म्हनजे? तुयीच. छत्री तूच बांधली.

भगवानराव : मायी गाठ दाव्याची राह्यते. माया बापानं हात धरून शिकवली मले. बैलानं कितीबी हिसका देला तं सुटत नाई, अन् आपुन एका बोटानं सोडवतो. हे तं तिरपालाची गाठ हाय. टेम्पोवर माल बांधतांनी तू मारतं तशी. हे बी तशीच. अन् हे बी. साही तुया हायत.

इंदूबाई : जाऊ द्या ना आता...

भगवानराव : तुले माहीत होतं?

इंदूबाई : मायाच समोर मारल्या त्याईनं. तुमी दुपारी झोपले होते. मी चहा मांडला.

भगवानराव : वा. चहा बी झाला.

जफर : भाऊ, ऐक तं...

भगवानराव : काय ऐकू? पोळ्याच्या महिन्यात लकवा मारला तवापासून हा उजवा हात म्हनजे खुंटीले टांगलेला सदरा. डॉक्टरीनबाई म्हने, बारीक काम करा, बोटं सुटन. म्हनून त्या लेकरानं हे रॉकेटचं खोकं धाडलं. पंख चिकटवले मी. ते तरी माये हायत, का ते बी रातून कोनी सरळ केले?

जफर : कसम से, पंख तुयेच हायत. वाकडे हायत म्हनून तं सांगतो.

भगवानराव : अन् मी बी न पाह्यता डॉक्टरीनबाईले गाठी दाखवल्या! बिचारीनं टाळ्या वाजवल्या! पोरगा नयन म्हने, बाबा, हात चालत नाई तं वावर गावातल्या फुलचंदले मक्त्यानं देऊन टाका. मी पोराले काय सांगितलं होतं? छत्रीच्या सा गाठी याच हातानं मारल्या तं यंदाचं वावर मी वाहीन, नाई तं देऊन टाकीन. आज संध्याकाळी फुलचंद येऊन राह्यला बोलाले. मी त्याले मिशीवर ताव देऊन नाई म्हननार होतो. कोनाच्या भरवशावर? तुया तिरपालाच्या!

जफर : मले ठाऊक होतं, म्हनूनच मारल्या. तुया गाठी ढिल्या होत्या, भाऊ. खोक्यात ठेवल्या ठेवल्याच सुटल्या. मी त्या पाह्यल्या अन् म्हनलं, वावर देल्यावर तू काय करशीन? बाजेवर बसून येनाऱ्या-जानाऱ्याच्या गाड्या पाह्यशीन? चार महिन्यात मरून जाशीन तू.

इंदूबाई : जफरभाऊ, जिभेले हाड ठेवा काही!

भगवानराव : बोलू दे त्याले. खरं बोलून राह्यला. पन खोट्या गाठीवर पेरू का मी? मिरगात तिफन धरली अन् हात सुटला, तवा काय तू दुपारी येऊन गुपचूप धरशीन?

जफर : धरीन.

भगवानराव : धरीन म्हने!

इंदूबाई : झालं का दोघायचं? खोक्यात एक इंजिन उरलं हाय. फुलचंद संध्याकाळी येनार हाय, अन् आता नेरची पह्यली यष्टीच गेली फक्त. बांधा ना मंग आताच. मायापुढं, जफरभाऊपुढं. भांडून कोनाची बोटं सुटली का आजलोक?

भगवानराव : छत्री कुठून आनू?

इंदूबाई : शिदोरीची पिशवी घ्या. पातळ हाय. भाकरी धुडक्यात बांधते मी. जफरभाऊ, कापा तुमी. कापाले तं चालन ना?

भगवानराव : काप. दोऱ्याले हात नको लावू.

जफर : नाई लावत. पन आत भराचं काय? तो पुडीतला कागद कुठी हाय?

इंदूबाई : थांबा, भाकरी बांधू द्या पह्यले.

भगवानराव : सांग आता.

इंदूबाई : चूल पेटवाले घेतला होता मी. तं पेटेच ना मेला! मी म्हनलं, सादळला असन. तसाच राखेसंगं उकिरड्यावर टाकला.

जफर : या अल्ला! जो जळाचा नव्हता तो वहिनी जाळून राह्यल्या, अन् जो जळते तो भाऊनं रॉकेटात भरला!

इंदूबाई : हासा. पन पळसाचं पान लावा तुमी. हिरवं. आपुन पानगे करतो तवा खाली गोवऱ्याचा इस्तो, वर बी इस्तो. आतलं पीठ करपते का? पान सोताच भाजते, पन आतल्याले झळ लागू देत नाई.

जफर : भाऊ?

भगवानराव : आन पानं. पानगे तं तिनं कधी करपवले नाई. भाजीची गोष्ट येगळी.

इंदूबाई : येऊ द्या दुपारी जेवाले.

जफर : हे घे पानं, हे पिशवी, हे दोरे. मी आता हात मांडीखाली दाबून बसतो. हे पाहा वहिनी, दाबले.

भगवानराव : बस तसाच. ...हट्. निसटला.

इंदूबाई : दातानं धरा एक टोक.

भगवानराव : नाई. दात उद्या पडले तं? ...थांब. अंगठा येऊन राह्यला. आला. ...हे एक.

जफर : लाभ.

भगवानराव : हाव. लाभ.

जफर : घाम पूस जरा.

भगवानराव : राहू दे. जफर, एक गोष्ट सांगू? त्या दिवशी मी या धुऱ्यावरच पडलो. तू मोटर पाहाले आलता म्हनून. मले उचलून टेम्पोत टाकलं अन् यवतमाळलोक नेलं.

जफर : ते कायले काढून राह्यला आता?

भगवानराव : बोलू दे. बोललो म्हनजे बोटाकडं ध्यान जात नाई, मंग ते चालते. तुले वाटते मी बेसुद होतो. मले तोंड हालवता येत नव्हतं, पन सारं आयकू येत होतं. तू रस्ताभर बडबड करत होता. कोन्या ट्रॅक्टरचा गिअर अटकला, तुया पोरीनं, शमानं अकरावीत विज्ञान घेतो म्हनलं, तुयी घरवाली रहमतबी तुयावर काहून रुसली. काय काय सांगत होता.

जफर : काय सांगू मंग? मले घाबरल्यासारखं झालतं. चूप बसलो असतो तं रडलो असतो.

भगवानराव : मी मनात म्हनत होतो, देवा, याले चूप नको करू. हा बोलून राह्यला तवालोक मी हाय. ...हे तिसरी. लकव्यापासून आजलोक रोज येतं तू. पायाची मालिश केली, न्हाव्यासारखी दाढी केली मायी. अन् मी तुले एक डाव बी म्हनलं नाई.

जफर : काय म्हनाचं राह्यते त्याच्यात? ज्या दिवशी बसस्टँडजवळच्या टपरीतून मले हाकललं, तवा तू म्हनलं, माया कोठ्यात पाने-पकडी मांड. बैल बाहेर बांधले तू, भाऊ. पावसाचे दिवस होते. मी म्हनलं का काही?

भगवानराव : तू नाई म्हनलं म्हनून मी बी नाई म्हनू का? म्हनतो आता. तुये उपकार हायत मायावर, जफर. फिटत नाईत, अन् मले फेडाचे बी नाईत. बरं वाटते ते अंगावर असले म्हनजे.

जफर : वहिनी, याले सांगा, मायाकडं पाहू नको म्हनून. माये हात मांडीखाली हायत, डोये पुसता येत नाई.

इंदूबाई : मायाबी पदर पुरून नाई राह्यला, जफरभाऊ.

भगवानराव : हे पाच. अन् हे... थांब. अंगठा थकला. ...हे सा. झाल्या. कोनी हात लावू नका. पानं भर इंदू, तुया हातानं.

इंदूबाई : भरली. घडी घातली छत्रीची.

जफर : वायरी जोडल्या. भाऊ, या खेपेले मी आधीच मांगं सरकतो. तू तं लाभ म्हनून मोकळा होतं.

भगवानराव : सरक. पाच. चार. तीन. दोन. लाभ!

इंदूबाई : अगंऽऽ माय! गेलं!

जफर : वाकडं चाललं... नाई, झालं सरळ. पाह्य वर, पाह्य!

भगवानराव : मले ऊन लागून राह्यलं डोयात. निघालं का नाकाडं?

जफर : निघालं! छत्री बी निघाली. पन...

भगवानराव : पन काय?

इंदूबाई : उघडली! उघडली हो! जराशी तिरपी हाय, पन उघडली!

जफर : झुलत झुलत येऊन राह्यली, भाऊ. नव्या नवरीवानी, घाई नाई काही नाई. धर वहिनीचा हात, अन् चाल. तूच उचल ते.

इंदूबाई : हळू. ढेकळं हायत.

भगवानराव : आलो. सोड, उचलतो मी. ...हे पाहा. पान भाजलं फक्त. पिशवी जशीच्या तशी.

जफर : अन् गाठी?

भगवानराव : एक, दोन, तीन... चार, पाच. पक्क्या. दाव्याच्या. हिसका बसून आनखी आवळल्या.

इंदूबाई : अन् सहावी?

भगवानराव : सुटली. म्हनून तिरपी होती.

जफर : अंगठा थकला तवाची. मी म्हननारच होतो, जरा दम घे म्हनून.

भगवानराव : म्हनलं नाई ते बरं केलं.

इंदूबाई : मंग संध्याकाळी फुलचंदले काय सांगाचं?

भगवानराव : सांगजो, बस, चहा घे. वावर देनं नाई म्हन.

जफर : पन भाऊ, तू सा म्हनला होता.

भगवानराव : म्हनलो होतो. पाच माया हायत, अन् खऱ्या हायत. सहावी तू बांधजो. पन लपून नाई, इथं माया बाजूले बसून.